झाडाच्या सावलीचं गणित आणि पुण्याची पानगळ

पश्चिमेच्या भिंतीपाशी मोठं झाड असलं की घर गार राहतं, हे एरंडवणे किंवा प्रभात रोडवरच्या जुन्या बंगल्यात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण सोसायटी पुनर्विकासाला निघाली की प्रश्न आकड्यांत येतो: हे झाड ठेवलं तर एसीची वीज किती वाचेल? उत्तरासाठी इमारतीचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर तिची नक्कल करून हिशोब करतात. त्यात झाड कसं शिरलं, हे माहीत असल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये, असं मला ठामपणे वाटतं.

1973च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत इमारतींच्या विजेचा तासातासाचा हिशोब करणारे प्रोग्रॅम सरकारी पैशातून तयार झाले. त्यातला डीओई-2 सर्वांत जास्त वापरला गेला. सावली टाकणारी वस्तू म्हणजे त्याच्या लेखी एक सपाट पृष्ठभाग. त्यातून किती ऊन आरपार जातं तो आकडा द्यायचा आणि तो वर्षभरात कसा बदलतो याचं वेळापत्रक जोडायचं. शेजारची इमारत असेल तर शून्य, झाड असेल तर काहीतरी मधला आकडा. 2001 साली आलेल्या एनर्जीप्लसनेही हीच रीत चालू ठेवली. आजही बहुतेक जण झाड म्हणून एक खोका किंवा एकमेकांना छेदणारे दोन पडदे उभे करतात.

तो मधला आकडा आणायचा कुठून? 1980च्या दशकात गॉर्डन हाइस्लर आणि ग्रेग मॅकफर्सन या अमेरिकी संशोधकांनी प्रत्यक्ष झाडांखाली मोजमापं आणि अभ्यास केले. पानं गळल्यावरही नुसत्या फांद्या बरंच ऊन अडवतात, हे हाइस्लरच्या कामातून पुढे आलं. पुढे हाशेम अकबरी आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत दोन घरांवर प्रयोग केला. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सावलीच्या झाडांमुळे थंडाव्यासाठी लागणारी वीज सुमारे 30 टक्के वाचली. त्याच घरांचं डीओई-2मध्ये मॉडेल केलं, तर बचत प्रत्यक्षापेक्षा कमी दिसली, काही ठिकाणी निम्म्यापर्यंत.

म्हणजे सॅक्रामेंटोचं झाड सॅक्रामेंटोच्याच घराला लावूनही हिशोब चुकत होता. पुण्यात तर सूर्यही वेगळा आणि झाडंही वेगळी.

सूर्याचं आधी. सॅक्रामेंटो साडेअडतीस अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. मेच्या मध्याला सूर्य आपल्या डोक्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत दिवसभर उत्तरेकडेच राहतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. झाड दक्षिणेला लावा, हा तिकडचा सल्ला इथे मेमध्ये निरुपयोगी ठरतो. पश्चिमेचं झाड मात्र दोन्हीकडे खरं. सूर्याच्या बाजूने आपली माहिती भक्कम आहे. लंडनहून परतलेल्या भौतिकशास्त्रज्ञ अण्णा मणी 1948 साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या, उपकरणं इथेच घडवण्याचा त्यांनी ध्यास घेतला आणि 1957-58च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात सौर किरणं मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. भारतात कुठल्या महिन्यात किती ऊन पडतं, हे आपण आकड्यांत सांगू शकतो त्याचा पाया तिथे आहे.

झाडांच्या बाजूने असा पाया नाही, आणि खरी अडचण हीच. वेळापत्रकात बारा महिन्यांचे बारा आकडे भरायचे असतात. समशीतोष्ण देशातली सवय अशी की हिवाळ्यात झाड उघडं, उन्हाळ्यात गच्च. इथे उलट घडतं. पिंपळाची पानगळ शिशिर संपता संपता, नेमका उन्हाचा चटका सुरू होताना. गुलमोहर मार्च-एप्रिलमध्ये जवळपास निष्पर्ण. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडतो तेव्हा पानं नावालाच. करंज मात्र पानं झाडून थोड्याच दिवसांत कोवळ्या, चकचकीत पालवीने भरतो आणि ऐन एप्रिलमध्ये दाट सावली देतो. एकाच गल्लीतल्या करंज आणि गुलमोहराला एकच वेळापत्रक लावलं, तर मार्च-एप्रिलचा, म्हणजे पुण्यातल्या सर्वांत कोरड्या, तापलेल्या दिवसांचा आकडा साफ खोटा येतो. पुनर्विकासाच्या कागदांत झाडांची यादी असते, प्रजाती आणि घेरासकट. पानगळीचा रकाना त्यात नसतो.

दुसरी उणीव हवेची. झाड पानांतून पाणी सोडतं, भोवतालची हवा थोडी निवते. सिम्युलेशन हवेचं तापमान हवामान फाइलमधून घेतं आणि ती मोकळ्या जागेतल्या वेधशाळेच्या नोंदींवर बेतलेली असते. 1990च्या दशकाच्या शेवटी मिखाएल ब्रूझे यांनी जर्मनीत विकसित केलेलं एन्व्ही-मेट हे सॉफ्टवेअर हवा, झाड आणि भिंत यांचा हिशोब एकत्र करतं. पण त्यात मोजके दिवस चालवायलाही खूप वेळ लागतो, त्यामुळे वर्षाचा हिशोब पुन्हा जुन्याच पडद्यांवर येतो.

नियमांतही झाड अजून बाहेरच आहे. 2018च्या इको निवास संहितेत, म्हणजे राहत्या इमारतींसाठीच्या केंद्राच्या ऊर्जाबचत नियमांत, भिंती-खिडक्यांमधून घरात येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला 15 वॉटची मर्यादा घातली आहे. खिडकीवरचा छज्जा आणि बाजूच्या उभ्या पट्ट्या त्या सूत्रात मोजल्या जातात. चाळीस वर्षांचा करंज पश्चिमेला उभा असो वा काल तोडलेला असो, उत्तर तेच येतं.