प्रज्ञावान मुले व एडीएचडी : निदानातील विवेक

असामान्य बुद्धीच्या मुलांची चुळबुळ आणि एडीएचडी म्हणजेच अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार यांतला फरक ओळखण्याची प्रक्रिया. दोन्हींकडची मुले वर्गात मध्येच बोलतात, गृहपाठ अर्धवट टाकतात, सूचना कानाआड करतात. त्यामुळे नुसत्या शाळेच्या तक्रारीवरून निदान करता येत नाही.

डीएसएम-५ (२०१३) या अमेरिकी निदानपुस्तिकेनुसार मुलांमध्ये अवधान-न्यूनतेच्या किंवा अतिचंचलतेच्या ९ लक्षणांपैकी किमान ६ लक्षणे सहा महिने टिकलेली हवीत. काही बाराव्या वर्षाआधी आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसलेली हवीत. शेवटची अट कळीची. तिसरीतली मुलगी बेरजेची पाच गणिते सोडवून पेन्सिल कुरतडत बसते, पण अवघड कोडे दिले की चुकली तरी मागे जाऊन तपासते आणि तडीस नेते. अशा वेळी आधी अभ्यासाची पातळी तपासावी. एडीएचडी असलेले मूल आवडीच्या कोड्यातही पायऱ्या गाळते, हातचा विसरते. पाण्याची बाटली शाळेत हरवते तशी मैदानावरही.

‘मोबाइलवर तासन्‌तास बसतो, मग लक्ष नाही कसं?’ हा पालकांचा नेहमीचा सवाल. पण एवढ्यावरून काहीच ठरत नाही. क्षणोक्षणी बक्षीस देणाऱ्या खेळात एडीएचडीची मुलेही गढून जातात. लक्ष हवे तिथे वळवणे त्यांना जमत नाही. औषध लागू पडले म्हणजे विकार होताच, असेही नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट व सहकाऱ्यांच्या १९७८ च्या प्रयोगात विकार नसलेल्या मुलग्यांचे अवधानही डेक्स्ट्रोअँफेटामिन या एडीएचडीवरच्या उत्तेजक औषधाने सुधारले होते.

बुद्धिमापनाचाही मर्यादितच उपयोग होतो. तर्काचे गुण उंच आणि कामाच्या वेगाचे कमी, अशी दरी विकार नसलेल्या हुशार मुलांतही आढळते.

शिवाय असामान्य बुद्धी आणि एडीएचडी या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात आणि खरी गफलत इथेच होते. अशी मुले बुद्धीच्या जोरावर प्राथमिक वर्ग निभावतात, विकार झाकला जातो. विकारामुळे गुण मध्यम राहतात, बुद्धीही झाकली जाते. स्वप्नाळू, शांत मुली तर सहज नजरेतून सुटतात.

पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून प्रज्ञावान मुलांसाठी काम करते. भारताच्या दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन वा गणितातली अडचण) आहे, एडीएचडी मात्र स्वतंत्रपणे नाही.