पार्श्वभूमी : सावरलेली मुले आणि त्यांना सावरणारी माणसे

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फेडण्यासाठी या जोडीला पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडांवर काढावे लागतात. तान्ही मुले सोबत जातात आणि शाळेत जाणारी अनेक मुले आजी-आजोबांजवळ मागे राहतात. या गावांतल्या शिक्षकांना एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसत आली आहे. सारखेच हलाखीचे घर, तेवढेच कर्ज, तीच ताटातूट, आणि तरीही एक मूल सातवीनंतर कोयता हाती घेते, तर दुसरे बारावी होऊन पुढे जाते आणि आतून मोडलेलेही नसते. हा फरक कशाने पडतो, हा प्रश्न बालमानसशास्त्राने गेली ऐंशी-नव्वद वर्षे वेगवेगळ्या देशांत विचारला आहे. मराठवाड्यातही तो वेगळ्या शब्दांत, अनेकदा मोठ्या आपत्तीच्या निमित्ताने, पुन्हा पुन्हा विचारला गेला.

मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या गुणाला ‘लवचिकता’ म्हणतात. गावात कोणी तो शब्द वापरत नाही. तिथे मूल ‘सावरलं’ असे म्हणतात किंवा त्याने ‘उभारी धरली’ असे म्हणतात. मला ‘सावरणे’ हे क्रियापद अधिक नेमके वाटते, कारण मूल सावरते आणि त्याला कोणीतरी सावरतेही. दोन्हींसाठी मराठीत एकच शब्द आहे. संशोधनाला मात्र या दोन बाजू जोडायला बराच काळ लागला. आरंभी सारे लक्ष मुलाच्या अंगच्या गुणांकडे होते, आणि शेजारी उभा असलेला माणूस नंतर दिसला.

पहिल्या खुणा अनाथालयांत सापडल्या. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हॅरल्ड स्कील्स या मानसशास्त्रज्ञाने गर्दीच्या अनाथालयातली, मतिमंद ठरवलेली तेरा लहान मुले प्रौढ मतिमंद स्त्रियांच्या संस्थेत ठेवली. त्या स्त्रियांनी एकेका मुलाला जवळ केले, त्याच्याशी खेळल्या, त्याचे कौतुक केले, आणि मुलांची वाढ झपाट्याने सुधारली. पुढे १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात ती तेराही जणे स्वतःच्या पायावर उभी असल्याचे आढळले. आजच्या कसोट्या लावल्या तर या अभ्यासात उणिवा दिसतात, पण त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. ज्यांनी त्या मुलांना सावरले, त्या स्त्रियांना समाजाने स्वतःच निकामी ठरवलेले होते.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी निवासी शिशुगृहे चालवली. त्यांच्या नोंदींनुसार, ओळखीचे माणूस जवळ असेल तर बॉम्बहल्ल्यातही मुले बऱ्यापैकी शांत राहत, आणि सुरक्षित जागी पण एकट्याने पाठवलेली मुले अधिक खचत. तेव्हा त्यांनी शिशुगृहाची रचनाच बदलली. मोठ्या गटाऐवजी चार-पाच मुलांची छोटी ‘कुटुंबे’ केली आणि प्रत्येक कुटुंबाला एक ठरलेली परिचारिका दिली. त्यानंतर १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मुलाच्या मानसिक आरोग्याला सततच्या, जिव्हाळ्याच्या नात्याची गरज असल्याचे मांडले. त्या मांडणीने अनाथालयांचे रूप बदलायला मोठी मदत केली, पण तिचा सारा भार आईवर पडला. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये पुराव्यांची फेरतपासणी करून हे नाते फक्त आईशीच असावे लागते असे नाही, हे दाखवून दिले. मराठवाड्याच्या संदर्भात ही दुरुस्ती फार मोलाची आहे. पहाटे फडात उतरणाऱ्या बाईला ‘मुलाकडे लक्ष नाही’ असा दोष देणे हा अन्याय आहे. तिला मुलापासून दूर ठेवते ती उचल, आणि त्या उचलीच्या मागे असलेली कोरडवाहू जमीन.

या विषयाला खरे वळण मिळाले ते हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी १९५५ मध्ये तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. ऊस आणि अननसाच्या मळ्यांवर राबायला आलेल्या मजुरांच्या वंशजांचे हे बेट. त्यामुळे या अभ्यासाबद्दल वाचताना मला दर वेळी बीडच्या वाड्या-तांड्यांची आठवण होते. सुमारे एक तृतीयांश मुले गरिबी, जन्मवेळच्या अडचणी, घरातली भांडणे, पालकांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकाच वेळी सापडलेली होती. त्यांतलीही साधारण एक तृतीयांश समर्थ आणि मायाळू माणसे झाली. त्यांच्यात एक गोष्ट समान आढळली : त्यांना मनापासून जवळ करणारे निदान एक माणूस लहानपणी भेटले होते. पालक खचलेले असतील तर ते माणूस आजी होती, मावशी होती, शेजारीण होती किंवा शिक्षक होते. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो, पण मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो. किशोरवयात भरकटलेल्यांपैकीही बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत मार्गावर आले, आणि त्यातही पुन्हा शिकण्याची संधी, चांगला जोडीदार किंवा आधार देणारा समूह यांचा वाटा होता. म्हणजे ही दारे बालपणाबरोबर बंद होत नाहीत. अ‍ॅन मास्टेन यांनी २००१ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे सार काढताना सावरणे ही विरळा, अलौकिक शक्ती नसून सामान्य माणसांच्या सामान्य व्यवहारांतून घडणारी गोष्ट असल्याचे लिहिले.

शरीराच्या पातळीवर हे कसे घडते, याचा उलगडाही हळूहळू होत गेला. मिनेसोटा विद्यापीठात मेगन गुन्नार यांनी लस टोचून घेणाऱ्या बाळांच्या लाळेतले कॉर्टिसोल मोजले. आईशी भक्कम नाते असलेली बाळेही सुईला रडली, पण त्यांच्या शरीरातले ताणाचे हे संप्रेरक फारसे वाढले नाही. लसीकरणाच्या दिवशी आपल्या अंगणवाडीतही हेच चित्र दिसते. रडणे थांबत नाही, पण कुशीतले मूल आतून तितके हादरत नाही. ताण अधूनमधून येतो आणि कोणीतरी तो उतरवते, तेव्हा शरीर त्यातून शिकते. ताण रोजचा असेल आणि तो उतरवणारे कोणीच नसेल, तेव्हा तोच मेंदूच्या आणि शरीराच्या वाढीवर खुणा सोडतो.

त्या खुणा किती दूरवर जातात, हे १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवले. त्यात पुढे सतरा हजारांहून अधिक प्रौढ सामील झाले. बालपणी जितक्या प्रकारचे आघात, तितका प्रौढपणी हृदयविकार, व्यसन, नैराश्य यांचा धोका अधिक, असा चढता आलेख त्यातून समोर आला. त्याची प्रश्नावली मात्र घराच्या चार भिंतींत थांबते : मारहाण, दुर्लक्ष, व्यसन, पालकांचे विभक्त होणे. दुष्काळ, कर्ज, स्थलांतर, जातीचा अपमान, बालविवाह यांना त्यात जागा नाही. ती जशीच्या तशी आपल्याकडे वापरली तर मराठवाड्यातल्या मुलाच्या दुःखाचा मोठा भाग मोजमापाबाहेर राहील. २०१९ मध्ये क्रिस्टिना बेथेल आणि सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिनमधल्या सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून उलट बाजू मांडली. बालपणी चांगले अनुभव अधिक असलेल्यांत, आघात झालेले असूनही, नैराश्य कमी आढळले. त्या चांगल्या अनुभवांच्या यादीत ‘आई-वडिलांखेरीज मनापासून विचारपूस करणारी किमान दोन मोठी माणसे’ हा एक मुद्दा आहे. ही आठवणींवर बेतलेली माहिती असल्याने तिच्याकडून फार अपेक्षा धरू नये, पण तिची दिशा काउआईच्या दिशेशी जुळते.

मराठवाड्याच्या स्मृतीत या नात्यांची रूपे फार जुनी आहेत. गंगाखेडची लहानगी जनाबाई पंढरपुरात दामाशेटींच्या घरी वाढली. आपेगावची चार भावंडे आई-वडील गेल्यावर शुद्धिपत्रासाठी पैठणला आली, आणि त्यांत थोरला निवृत्ती धाकट्यांचा गुरू झाला, असे परंपरा सांगते. हा शास्त्राचा पुरावा नव्हे. पण पोरक्या मुलांना एकमेकांनी धरून ठेवण्याचे चित्र इथल्या माणसाच्या मनात कसे रुजले आहे, हे त्यावरून कळते. आधुनिक काळात हे काम काही प्रमाणात वसतिगृहांनी केले. निजामी राजवटीत हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थांसारखे शिक्षक विद्यार्थ्यांबरोबर राहत. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभारले, तेव्हा गावकुसाबाहेरून आलेल्या मुलांना पहिल्यांदाच अपमानाविना जेवण, खोली, सोबती आणि म. भि. चिटणीसांसारखे प्राचार्य मिळाले. त्या मुलांची आपत्ती ही एखादी घटना नव्हती. ती रोजची होती, आणि म्हणून त्यांना लागणारे माणूसही रोजचे हवे होते.

किल्लारीच्या भूकंपाने हा प्रश्न एका रात्रीत सर्वांसमोर आणला. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. शेकडो मुलांनी आई, वडील किंवा दोघेही गमावले. पुढे दोन वेगळ्या वाटा निघाल्या. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि वाघोलीला त्यांच्यासाठी निवासी केंद्र उभे राहिले. दुसरीकडे राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी, पन्नालाल सुराणा यांच्या नेतृत्वाखाली, नळदुर्गला ‘आपलं घर’ सुरू केले, म्हणजे मुले आपल्याच मुलखात राहिली. उरलेल्या अनेकांना मामाने, चुलत्याने, आजीने घरात घेतले, आणि त्यांची कुठेही मोजदाद झाली नाही. दूर नेणे बरे की जवळ ठेवणे, यावर तेव्हा बराच वाद झाला. माझ्या मते तो वाद अंतराचा नव्हताच. भूकंपाच्या धुरळ्यानंतर पाचव्या-सातव्या वर्षीही त्या मुलाला नावाने ओळखणारे, तापात उशाशी बसणारे तेच माणूस तिथे टिकले का, हे पाहायला हवे होते.

पुनर्वसनाच्या आखणीत मात्र नात्यांचा विचार फारसा झाला नाही. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली आणि जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे वेगवेगळ्या भागांत दिली गेली. सरळ, रुंद रस्ते आले, घरे भक्कम झाली. पण जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून राहणारे भावकीतले आणि शेजारपाजारचे लोक विखुरले. पोरक्या मुलाला सहज हाक मारून जेवायला बसवणारी काकू आता गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. घराची मजबुती मोजण्याचे परिमाण अभियंत्यांकडे होते. या अंतराची किंमत मोजण्याचे परिमाण कोणाकडेच नव्हते.

त्यानंतरची आपत्ती भूकंपासारखी आवाज करत आली नाही. २०१५ या एकाच वर्षात मराठवाड्यात ११०० हून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. वडील गेल्यावर घरात तलाठी येतो, पंचनामा होतो, प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते आणि पात्र ठरल्यास एक लाख रुपये मिळतात, त्यांतले सत्तर हजार ठेवीत. मुलाशी कोण बोलले, हा रकाना त्या कागदांत नसतो. वडील कसे गेले हे अनेक मुलांना घरात सांगितले जात नाही. ते त्यांना शाळेच्या वाटेवर दुसऱ्या मुलांकडून कळते. राज्य सरकारच्या प्रेरणा प्रकल्पाने मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत आशाताईंमार्फत तणावाखालच्या शेतकऱ्यांचा शोध सुरू केला, हे चांगले पाऊल होते, पण त्याचा रोख मोठ्या माणसावर आहे. मुलांसाठी बीड जिल्ह्यातल्या आर्वीचे शांतिवन, गेवराईचे सहारा बालग्राम, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी हासेगावचे सेवालय अशी घरे लोकांच्या मदतीवर उभी राहिली. त्यांची ताकद इमारतीत नाही. तिथे एक जोडपे किंवा एक माणूस वर्षानुवर्षे त्याच आवारात मुलांबरोबर राहतो, ही त्यांची ताकद आहे.

अलीकडे सरकारी धोरणाचा कल संस्थेकडून कुटुंबाकडे वळला आहे. बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. दिशा योग्य आहे, तरी ‘आजी आहेच’ असे गृहीत धरण्याचा धोकाही तिच्यात आहे. साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, स्वतः तरुणपणी कोयता चालवलेल्या बाईकडून आपण दोन-तीन नातवंडांचे पूर्ण बालपण मागत असतो. मुलगी वयात आली की ही आजी घाबरते, लांबच्या फडावरचे आई-बापही घाबरतात, आणि हंगामापूर्वी लग्न उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये सुमारे ४४ टक्के होते. आधार देणाऱ्यालाच आधार नसला की त्याची माया भीतीचे रूप घेते आणि मुलीला सावरण्याऐवजी घराबाहेर पाठवते.

हंगामी वसतिगृहाची कल्पना या अडचणीच्या सर्वांत जवळ जाते. मूल गावातच राहते, शाळा सुटत नाही, दोन वेळचे जेवण गावातल्याच बाया रांधतात आणि आजीवरचा भार हलका होतो. पण टोळ्या दसऱ्यानंतर निघतात आणि वसतिगृह सुरू व्हायला त्यानंतर कित्येक आठवडे लागतात, ही शिक्षकांची जुनी तक्रार आहे. त्या आठवड्यांत मुलाला पहाटे उठवायचे, चूल पेटवून त्याला भाकरी द्यायची, आणि आईचा फोन लागला नाही म्हणून रडणाऱ्याची समजूत घालून शाळेला धाडायचे, हे सारे त्या एकट्या आजीलाच करावे लागते.