कारागृहातली मुलाखत (सोलापूर)

मुलाखत म्हटलं की बाकीच्यांना नोकरी आठवते, पण ज्यांच्या घरातलं कुणी आत आहे त्यांच्यासाठी मुलाखत म्हणजे जेलात जाऊन काचेपलीकडं आपलं माणूस बघायचं, थोडा वेळ बोलायचं अन् परत फिरायचं. कुणी मुलाकात म्हणतं, कुणी नुसतं ‘भेटीला चाललोय’ म्हणतं, अन् बऱ्याच घरांत यातलं काहीच बोलत नाहीत, शेजाऱ्यांना पुण्याला दवाखान्यात जायचंय असं सांगून पहाटे निघतात. सोलापूर शहर अन् जिल्ह्यातल्या अशा घरांना काय काय बघावं लागतं, कायदा काय देतो अन् मदत कुठं मिळते, ते इथं लिहिलंय.

कोण कुठं असतं

अटक झाली की आधी पोलिस कोठडी, तिथं जेलसारखी नंबर लावून मुलाखत नसते. पण अटक झाल्याची खबर नातेवाइकाला किंवा ओळखीच्या माणसाला द्यायलाच पाहिजे, अटकेचा मेमो म्हणजे लेखी नोंद करायला पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली घालून दिलंय. पोलिस कोठडी संपली, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली, की माणूस जेलात जातो अन् मुलाखत तिथून सुरू होते.

जेलच्या भाषेत दोन प्रकार, कच्चा कैदी अन् पक्का कैदी. कच्चा म्हणजे खटला चालू असलेला, पक्का म्हणजे शिक्षा लागलेला. बाहेरच्या लोकांना वाटतं जेलात सगळे गुन्हेगारच, पण २०२२ अखेरचा सरकारी आकडा बघा, देशात ५,७३,२२० कैदी अन् त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. हे घरच्यांनी स्वतःलाही सांगत राहावं असं मला वाटतं, कारण गल्लीत निकाल पहिल्याच दिवशी लागलेला असतो.

सोलापूरला जिल्हा कारागृह आहे. मोठी शिक्षा लागली की मात्र बहुतेकांना पुण्याला येरवडा मध्यवर्ती कारागृहात नेतात अन् मग घरच्यांचा खरा प्रवास सुरू होतो, एका बाजूनं अडीचशे किलोमीटर. तसं करमाळा-माळशिरसच्या लोकांना सोलापूर गाठायलाच शंभराच्या वर किलोमीटर पडतात. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं, पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून फुकट, त्यामुळं पूर्वी तीन महिन्यातनं एकदा जाणाऱ्या आया आता जास्त वेळा जाऊ शकतात.

रेल्वेनं जायचं तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. या गाडीचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे अन् कुर्बान हुसेन, १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लावला, त्यानंतर त्यांना शिक्षा झाली अन् १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यातच फाशी दिली. म्हणजे सोलापूरच्या घरांनी येरवड्याची वाट धरायला नव्वद वर्षं उलटून गेली. दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर आपण चार पुतळ्यांना हार घालतो, तेव्हा मला त्या चार घरांतल्या बायका आठवतात, तेव्हा ना अर्धं तिकीट होतं ना व्हिडिओ कॉल.

आपल्या गावाला तारेचं कुंपणही माहितीय. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती ठरवलेल्या लोकांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये बायकापोरांसकट ठेवलं होतं, हजेरी द्यावी लागायची, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला. जन्मानंच गुन्हेगार मानायची ती खोड मात्र जेलच्या नियमांत टिकून राहिली, अन् ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं जेलातल्या जातीवरच्या भेदभावाचे नियम रद्द केले तेव्हा त्यात विमुक्त म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींबद्दलचे शिक्केही काढायला सांगितले.

मुलाखतीचा दिवस

पहिल्या वेळी सगळ्यात जास्त हाल होतात, कारण काय न्यायचं अन् काय नाही हे कुणी सांगितलेलंच नसतं. मी आमच्या शेजारच्या मावशींबरोबर पहिल्या मुलाखतीला गेलो होतो. त्या विड्या वळतात, हजाराच्या हिशेबानं मजुरी, एक दिवस बसल्या नाहीत तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. आदल्या रात्री जागून त्यांनी कडक भाकरी केल्या, शेंगा चटणीची पुडी बांधली, पोराला आवडते म्हणून. गेटवर शिपायानं सांगितलं मावशी, घरचं जेवण असं घेता येत नाही. आवाज चढवून नाही, नीटच सांगितलं त्यानं. पण त्या पिशवी परत घेऊन बाकड्यावर बसल्या अन् तिची गाठ सोडायची परत बांधायची, सोडायची परत बांधायची, एवढंच करत राहिल्या, नंबर पुकारेपर्यंत.

तर आधी माहिती घ्यावी. आत गेल्यावर कैद्याकडून भेटायला येणाऱ्यांची नावं लिहून घेतात, त्यात आपलं नाव आहे का बघावं, आधार कार्ड मूळ अन् एक झेरॉक्स जवळ ठेवावी, नातं दाखवणारा कागद असला तर तोही. मोबाइल आत जात नाही, तंबाखूची डबी खिशात राहिली तरी अडचण होते, सगळं बाहेर कुणाकडं तरी ठेवून जावं, म्हणून एकटं न जाता कुणाला तरी बरोबर घ्यावं. वार अन् वेळ जेलप्रमाणं वेगळी असते, कच्च्या कैद्याला भेटी जास्त वेळा मिळतात, पक्क्याला कमी, सणावाराला बदल होतो, तेव्हा दोनशे किलोमीटर जायच्या आधी एक फोन करावाच. कपडे, औषधं यांचंही तसंच, आधी विचारायचं. चालू असलेल्या औषधाची डॉक्टरची चिठ्ठी सोबत असावी, नुसत्या गोळ्या दिल्या तर घेत नाहीत. कच्च्या कैद्याला बाहेरून जेवण, कपडे, अंथरूण मिळायची तरतूद १८९४ च्या तुरुंग कायद्यापासून आहे, पण घरच्या डब्यासाठी बहुतेक वेळा वकिलाला कोर्टात अर्ज द्यावा लागतो. पैसे मनीऑर्डरनं जातात, ते त्याच्या खात्यावर जमा होऊन कॅन्टीनमधून साबण, बिस्कीट, असं घेता येतं.

झडती होते, त्याचं वाईट वाटतं पण ती सगळ्यांचीच होते. जुन्या कायद्याच्या कलम ४१ मध्येच लिहिलंय की भेटायला आलेल्याची झडती दुसऱ्या भेटणाऱ्यासमोर किंवा कैद्यासमोर घ्यायची नाही, अन् झडती देत नाही म्हणून कुणाला आत सोडलं नाही तर त्याचं कारण रजिस्टरला नोंदवायचं. कुणी परत पाठवलं तर भांडत बसू नये, कारण काय लिहिलंय ते शांतपणे विचारावं अन् अधीक्षकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्यावा. गेटच्या आसपास ‘मी मुलाखत लावून देतो’ म्हणणारे भेटतात, त्यांना एक रुपयाही देऊ नये.

आत काच, जाळी, फोनचा रिसीव्हर. आपल्याकडच्या मुलाखतीच्या रांगेत एकाच वेळी तेलुगू, कन्नड, दखनी, मराठी सगळं मोठमोठ्यानं चालू असतं, शेजारच्याचं रडणं ऐकू येतं अन् आपलं बोलायचं राहून जातं. पहिली पाच मिनिटं ‘जेवलास का, बारीक झालास’ यातच जातात. मावशींनी नंतर एक केलं, विडीच्या पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुद्दे लिहून न्यायच्या, तारीख कधी, वकील आला का, खोकला कसाय, धाकटीची फी भरली हे सांगायचं. वेळ संपल्याचं सांगतात तेव्हा निदान काम राहिलं नाही असं वाटतं.

जाणं जमत नसेल तर ई-मुलाकात आहे, ई-प्रिझन्सच्या सरकारी पोर्टलवर नाव, जेल, कैद्याची माहिती अन् आपलं ओळखपत्र भरून वेळ मागायची, मंजूर झाली की मोबाइलवर लिंक येते अन् व्हिडिओवर बोलता येतं. कोरोनात भेटी बंद होत्या तेव्हापासून हे जास्त वापरात आलं. म्हाताऱ्या आईबापांसाठी फार मोठी सोय आहे, पण कुणीतरी शिकलेलं पोरगं शेजारी बसवावं लागतं, गल्लीत असा एकजण असला तर त्यानं चार घरांचे फॉर्म भरून द्यावेत असं मी हक्कानं सांगतो.

भेट हा हक्क आहे

जेलवाल्यांनी मेहेरबानी केली म्हणून भेट होते असं समजून लोक हात जोडून उभे राहतात. फ्रान्सिस कोरली मुलिन नावाची ब्रिटिश बाई दिल्लीच्या तिहारमध्ये स्थानबद्ध होती, तिची पाच वर्षांची मुलगी बहिणीकडं होती अन् भेट महिन्यातनं एकदाच. ती सुप्रीम कोर्टात गेली. १३ जानेवारी १९८१ ला न्या. भगवतींच्या खंडपीठानं सांगितलं की घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास चालू ठेवणं नाही, घरच्यांना अन् वकिलाला भेटणं त्यातच येतं, अन् ती महिन्यातनं एकदाची अट रद्द केली. त्याच्या आधी १९७९ मध्ये सुनील बात्रा प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनीही घरच्यांच्या भेटीचं महत्त्व सांगितलं होतं. नियम घालता येतात, वेळ ठरवता येते, पण भेटच नको असं मनाला येईल तसं म्हणता येत नाही.

वकील, जामीन, पैसा

घर मोडतं ते बहुतेक इथं. सोनं जातं, यंत्रमागावरचा ॲडव्हान्स उचलला जातो, सावकार येतो. आधी एक गोष्ट करावी, जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथं जावं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीत असलेल्या माणसाला वकील फुकट मिळतो अन् त्याला उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर १५१००. फुकटचा वकील काय कामाचा, असं म्हणणारे भेटतील, पण निदान पहिला अर्ज, कागद समजून घेणं, पुढची तारीख कळणं यासाठी तरी जावंच.

जामीन मंजूर होऊनही माणूस आतच, कारण जामीनदार नाही, सातबारा नाही, ऐपतीचा दाखला नाही, हे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घरांचं रोजचं दुखणं. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता अन् भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो जामीनदार नाकारला, सुप्रीम कोर्टानं ते चुकीचं ठरवून रक्कम हजारावर आणली. सुप्रीम कोर्टाच्याच ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशानं आता जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, अन् महिना गेला तर कोर्ट अटी सैल करायचा विचार करू शकतं. सात दिवस झाले की घरच्यांनी स्वतः जाऊन हे विचारावं. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आली, त्यात जामिनासाठी ४० हजारांपर्यंत अन् पक्क्या कैद्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद ठेवली, ते जिल्ह्याची समिती ठरवते.

खटला लांबला तर नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ बघायला सांगावं. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर, बाकीच्यांना अर्धा काढल्यावर सुटकेचा मार्ग आहे, फक्त फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला अन् अनेक केस चालू असतील तर लागू नाही.

पक्क्या कैद्यासाठी संचित रजा म्हणजे फर्लो अन् अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, ठरलेल्या नियमांनी मिळते, घरात मरण, आजारपण, लग्न असलं की याच रजेची धावपळ. राज्य सहकारी बँकेची जिव्हाळा योजना १ मे २०२२ ला येरवड्यातच सुरू झाली, कैद्याच्या जेलातल्या मजुरीच्या भरवशावर ५० हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याजानं, घरच्यांची फी-दवाखान्याची नड भागावी म्हणून.

पोरांचं काय

पोरांना काय सांगायचं, हा प्रश्न कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. ‘बाबा पुण्याला कामाला गेलेत’ असं सांगतात अन् मग शाळेत दुसरंच पोरगं खरं सांगतं, भर वर्गात. माझं मत स्पष्ट आहे, सहा-सात वर्षांच्या पोराला त्याच्या भाषेत खरं सांगावं, बाबा जेलात आहेत, कोर्ट ठरवणार आहे, तुझी काही चूक नाही. ही शेवटची गोष्ट दहादा सांगावी कारण पोरं स्वतःला दोष देतात.

राज्यातल्या काही कारागृहांत ‘गळाभेट’ ठेवतात, पक्क्या कैद्यांची लहान मुलं आत येतात अन् मधे काच नसते. एरवी काचेवर हात टेकवणारं पोरगं त्या दिवशी बापाच्या मांडीवर बसून खाऊ खातं. आई आत असेल तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याजवळ राहू शकतं, २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालात त्या मुलांचं खाणं, लस, शिक्षण याचे नियम आहेत. बाहेर राहिलेल्या पोरांसाठी बाल संगोपन योजनेत बसतंय का ते जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारावं, रक्कम २०२३ पासून महिन्याला २,२५० झालीय. पोरांची अडचण असेल तर १०९८, अन् घरच्या मोठ्या माणसाला झोप लागत नाही, जीव नको वाटतो असं झालं तर टेली-मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन १४४१६, दोन्ही फुकट.

सांगोल्याला लागून आटपाडीला स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे, औंध संस्थानाच्या काळात १९३९ ला सुरू झालेली, तिथं कैदी बायकापोरांसोबत राहतात, शेती करतात. फार थोड्यांच्या वाट्याला येतं, पण चांगली वागणूक असलेल्या पक्क्या कैद्याच्या घरच्यांना हे माहीत असावं.

अन् सुटकेच्या दिवशी घाई करून सकाळपासून गेटवर उभं राहू नये. कोर्टातला कागद जेलात पोचायचा, तपासायचा, यात संध्याकाळ होते, कधी दुसरा दिवस. पाण्याची बाटली, त्याच्या मापाचा एक शर्ट, चप्पल अन् परतीचे पैसे एवढं जवळ ठेवावं. मावशींनी त्या दिवशी परत कडक भाकरी केल्या होत्या.