फौजेचा शिधा आणि आपली जवारी

सुटीवर आलेल्या जवानाला पहिल्या दिवशी काय वाढायचे, हे विदर्भातल्या घरात कुणाला विचारावे लागत नाही. जवारीची भाकर, वरण, मिरचीचा ठेचा, वरून कच्चे तेल. लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, पोटभर मिळत नाही अशी तक्रार माजी सैनिकांकडून सहसा ऐकू येत नाही. त्यांना आठवण येते ती भाकरीची. फौजेच्या ताटातून भाकर कशी गेली, हे पाहायला थोडे मागे जावे लागते.

फौजेला धान्य पुरवण्याचा इतिहास आपल्या भागात लमाणांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या, तांड्यांपासून सुरू होतो. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून चालणारी त्यांची लदेणी मोगलांना, मराठ्यांना आणि इंग्रजांनाही हवी असे. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली वऱ्हाडात उतरला, २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांशी लढला आणि १५ डिसेंबरला त्याने मेळघाटातला गाविलगड घेतला. त्याच्या पत्रव्यवहारात बैल, धान्य आणि बंजारे यांचा उल्लेख वारंवार येतो. तोफा असूनही धान्य मागे राहिले तर फौज थांबते, हे त्याला पक्के ठाऊक होते. या लढायांच्या इतिहासात तांड्यांना मिळायला हवी तेवढी जागा अजूनही मिळालेली नाही.

पहिल्या महायुद्धात एक वेगळीच गोष्ट पुढे आली. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत या गावात सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. धान्य संपत आले तशी घोडे कापायला सुरुवात झाली. ते मांस खायला बहुतेक हिंदी शिपायांनी नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवून झाली, तरी पुष्कळ जण शेवटच्या आठवड्यांपर्यंत तयार नव्हते. भाजीपाला नाही, मांस नाही. हिंदी शिपायांत स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, पसरला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. याला निव्वळ हट्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गावी परतल्यावर पंगतीत बसायचे होते, जातीबाहेर पडायची भीती होती. शिधा कागदावर पुरेसा असून भागत नाही. खाणाऱ्याच्या घशाखाली तो उतरायला हवा.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या ब्रह्मदेश आघाडीवर, वेढलेल्या तुकड्यांना विमानातून शिधा टाकला गेला. लदेणीची जागा हवाई छत्रीने घेतली. आटा, डाळ आणि साखर हा कणा मात्र कायम राहिला. तळून कोरडे केलेले, महिनोन्‌महिने टिकणारे शक्करपारेही फौजेच्या चांगलेच अंगवळणी पडले. आपल्याकडे दिवाळीला होणाऱ्या शंकरपाळ्यांचेच ते भाऊबंद, त्यामुळे ते खायला कुणाला शिकवावे लागले नाही.

१९६१ मध्ये म्हैसूरला संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. पुलाव, भाजी, सुजीचा हलवा पाकिटात बंद करून दाबाखाली तापवायचा, म्हणजे तो शीतपेटीशिवाय टिकतो. बिघडू न देता चपाती कशी ठेवायची, यावरही तिथे पुष्कळ काम झाले. पाकिटासोबत हेक्झामिनच्या वड्या मिळतात. त्या पेटवून खाणे गरम करता येते.

सियाचीनवर मात्र पाकिटाचीही परीक्षा होते. एप्रिल १९८४ पासून तिथे आपल्या चौक्या आहेत. अठरा हजार फुटांवर पाणी ८२ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजत नाही. संत्री, अंडी दगडासारखी गोठतात. ज्या मुलाच्या गावाशेजारी संत्र्यांच्या बागा आहेत, त्याला संत्रे हातोडीने फोडावे लागते! त्यात एवढ्या उंचीवर भूकच मरते. डबाबंद फळे, चॉकलेट, सुका मेवा सगळे असते, पण घास तोंडात जात नाही. वजन उतरते. अशा वेळी ओळखीची चव औषधासारखी लागू पडते, असे तिथे राहून आलेले सांगतात आणि मला ते पटते.

भरडधान्य फौजेच्या शिध्यात पूर्वी होते. गव्हाच्या आट्याला पसंती मिळाली आणि पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ते बंद झाले. गावातही त्याच काळापासून रेशनचा गहू वाढत गेला आणि जवारीखालचे वावर कपाशी-सोयाबीनखाली गेले. भरडधान्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, २०२३ च्या मार्चमध्ये, लष्कराने बाजरी, ज्वारी आणि नाचणीचे पीठ परत आणल्याचे जाहीर केले. तांदूळ आणि आट्याच्या हक्काच्या वाट्यापैकी २५ टक्क्यांपर्यंत ही पिठे घेता येतात. बडा खाना (पलटणीचे सामुदायिक जेवण) आणि कॅन्टीनमध्येही ती वापरायची आहेत, आचाऱ्यांनाही त्याचे प्रशिक्षण द्यायचे ठरले.

छावणीत हे जमेल. पुढच्या चौकीवर अडचण आहे ती पिठाच्या स्वभावाची. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो, त्यामुळे भाकर दुसऱ्या दिवशी कडक होऊन तुटते. चपातीसारखी ती पाकिटात मऊ राहत नाही. तिथल्या जवानाला जवारी द्यायची तर पीठ पाठवून भाकर तिथेच थापावी लागेल, नाहीतर लाह्या, बिस्किटे, लाडू असे टिकणारे प्रकार करावे लागतील.