कोडिंग फक्त सायन्सवाल्यांचं?

"बारावीला गणित नव्हतं, इंग्रजीही कच्चं, मग कोडिंग कसलं जमतंय?" सांगलीत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. साफ चूक. १९९१ साली आलेल्या पायथॉन या कोडिंगच्या भाषेत राखीव, म्हणजे ठरलेल्या अर्थाचे, इंग्रजी शब्द जेमतेम ३५. आकड्यांना वगैरे आपण द्यायची नावं तर २००८ च्या पायथॉन ३ पासून देवनागरीतही चालतात. रक्कम = दर * वजन (* म्हणजे गुणिले), एवढ्या ओळीत मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याचा हिशेब होतो. दर क्विंटलचा आणि वजन किलोत घातलं, तर मात्र रक्कम १०० पट फुगते, आणि कॉम्प्युटर हूं की चूं करत नाही! ही गफलत अडत्याच्या दिवाणजीला आधी दिसेल, इंजिनिअरला नंतर. त्रिकोणमिती गेम बनवताना लागते, सुरुवातीला नाही. एरर इंग्रजीत येते खरी, पण सोबत ओळीचा नंबरही देते. आणि हो, पायथॉन फुकट आहे.