रक्त चढवण्याआधीची सही : कुणाची, कधी आणि काय विचारून

रक्तपेढीच्या खिडकीवरून माणूस हात हलवत परत येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा नाव असतं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीचा केसपेपर माहेरच्या नावानं निघतो, आधार सासरचं. वॉर्डात नमुन्याच्या बाटलीवर एक नाव पडतं, मागणीपत्रावर दुसरं. असा नमुना रक्तपेढी घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. चुकीच्या गटाचं रक्त जातं ते असल्याच गफलतीतून. खाडाखोड चालत नाही, नमुना नव्यानं काढावा लागतो. म्हणून केसपेपरवरचंच नाव आणि नोंदणी क्रमांक सगळीकडे हवा, आणि बाटलीवर चिठ्ठी खाटेजवळच लावून घ्या.

मागणीपत्र डॉक्टर भरतात. त्यांची सही तेवढी बघा.

खरी गाडी अडते ती संमतीपत्रावर. रुग्णाला 18 पूर्ण असतील आणि तो शुद्धीवर असेल, तर सही त्याचीच. तरी बाळंतीण जागी असताना नवऱ्याला नाहीतर सासूला हाक मारली जाते. सुप्रीम कोर्टापुढे 2008 मध्ये समीरा कोहली खटला होता. त्यात रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेतली होती. कोर्टानं ती धरली नाही. उपचाराचे फायदे, धोके, पर्याय आणि नकार दिला तर काय होईल, हे सांगितल्यावरच संमती खरी, असंही त्यात म्हटलंय. भरती होताना एकदम चार कागदांवर घेतलेल्या सह्यांत यातलं काय सांगितलेलं असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पोरगं 18 च्या आतलं असेल तर सही आईबापाची. बीड-धाराशिवकडे ते ऊसतोडीवर आणि पोर आजीपाशी, हे दर हंगामात होतं. ठरवून द्यायचं रक्त असेल तर त्यांना आधीच बोलावून घ्या. जीवावर बेतलं असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, न थांबण्याचं कारण केसपेपरवर लिहून रक्त देतात. अंगठा असेल तर साक्षीदार नात्यातला ठेवा, दवाखान्यातला नको.

सहीआधी विचारा : आजच लागतंय का? बाळंतपणाला अवकाश असेल तर लोहाच्या इंजेक्शननं भागेल का? मोठ्या माणसात एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण 1 ग्रॅमनं वाढतं, त्यावरून किती पिशव्या ते समजून घ्या. ‘आमच्याच माणसाचं द्या’ हा हट्ट मात्र सोडा. जवळच्या रक्ताच्या नात्यातलं रक्त, पिशवीवर किरणांची प्रक्रिया केल्याशिवाय देत नाहीत. नवऱ्याचं रक्त बायकोला दिलं तर पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ शकतो, म्हणून तेही टाळतात.

नको असेल तर नकार लेखी द्या. बाकीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत. होकार दिल्यावरही, पिशवी चालू असताना, मन बदलता येतं.

सही झाल्यावरच माणूस पिशवी आणायला पाठवा. फ्रीजबाहेर 30 मिनिटांच्या वर राहिलेली पिशवी रक्तपेढी परत घेत नाही, आणि लावलेली पिशवी 4 तासांत संपवावी लागते. लावताना सिस्टरनं नाव रुग्णाच्या तोंडून वदवून घेऊन पिशवीवरची चिठ्ठी ताडायला हवी. पहिली 15 मिनिटं कुणीतरी जवळ बसा. थंडी वाजली, कंबर दुखली, अंगाला खाज सुटली की लगेच सिस्टरला हाक मारून पिशवी बंद करायला सांगा.