काष्ठमय वनस्पतींचे ऊती संवर्धन

झाडाचा शेंडा, डोळा किंवा एखादे पेर निर्जंतुक करून बाटलीतल्या पोषक माध्यमावर वाढवणे आणि त्याच्या फुटव्यांपासून मूळ झाडाच्याच गुणांची रोपे तयार करणे, म्हणजे ऊती संवर्धन (टिश्यू कल्चर). कोल्हापूर भागात ‘टिश्यू’ म्हटले की डोळ्यांसमोर केळीचे रोप येते. ऊसवाल्यांनाही शब्द परिचित आहे. पण केळी आणि ऊस ही मऊ खोडाची पिके. साग, काजू, नरक्या अशा लाकूड धरणाऱ्या झाडांची गोष्ट निराळी, आणि बरीच हट्टीही.

वनस्पतीच्या एका पेशीतून अख्खे रोप घडू शकेल, ही कल्पना ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यांनी 1902 मध्ये मांडली. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगांत मात्र पेशी जगल्या, विभागल्या नाहीत. फ्रान्सच्या गोत्रे यांनी 1934 मध्ये झाडांच्या सालीखालचा वाढीचा थर काचपात्रात वाढवून पाहिला. आज सर्वाधिक वापरले जाणारे मुराशिगे-स्कूग माध्यम 1962 चे. ते माध्यम तंबाखूच्या ऊतींसाठी बेतलेले होते. अनेक झाडांना त्यातले क्षार सोसत नाहीत, म्हणून 1980 च्या सुमारास लॉइड आणि मॅकाउन यांनी काष्ठमय वनस्पतींसाठी वेगळे माध्यम दिले. पहिल्यात लिटरमागे 1650 मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट असते, दुसऱ्यात 400.

खरी अडचण वयाची. बियांतून नुकत्याच उगवलेल्या रोपाचा तुकडा सहज फुटतो. पण लाकूड कसे निघेल, फळ किती लागेल हे कळायला झाड मोठे व्हावे लागते, आणि तोवर त्याची फुटण्याची व मुळे धरण्याची ताकद ओसरलेली असते. मग झाड छाटून बुंध्याजवळचे कोवळे धुमारे घेतात, किंवा जुन्या झाडाचा शेंडा बाटलीतल्याच रोपट्यावर बारीक कलम करून बसवतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने 1980 मध्ये सुमारे 100 वर्षांच्या सागापासून रोपे मिळवल्याचे प्रसिद्ध केले, त्याचे महत्त्व यासाठी.

दुसरी अडचण कापताक्षणी दिसते. चिरलेल्या जागेतून फिनॉलवर्गीय द्रव्ये झिरपतात, माध्यम चहासारखे तपकिरी होते आणि तुकडा स्वतःच्याच रसाने मरतो. त्यावर सक्रिय कोळसा किंवा ॲस्कॉर्बिक आम्ल घालतात, सुरुवातीला बाटल्या अंधारात ठेवतात, तुकडे चटचट नव्या माध्यमावर हलवतात. तिसरी अडचण बुरशीची. गगनबावड्याकडे वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथल्या झाडाची भर पावसाळ्यात आणलेली फांदी वरून कितीही धुतली, तरी ते धुणे आतल्या सूक्ष्मजीवांपर्यंत पोहोचत नाही. उघडीप पडल्यावर आणलेला कोवळा फुटवा बरा.

माध्यमात लिटरमागे साधारण 30 ग्रॅम साखर, घट्टपणासाठी अगार आणि सामू (pH) 5.8 च्या आसपास. बाटलीतले रोप प्रकाशात असले तरी स्वतःपुरते अन्न नीट करत नाही. साखरेच्या या जिल्ह्यात त्याला साखरच भरवावी लागते, हे गमतीचे. माध्यम 121 अंश सेल्सिअसवर 15 ते 20 मिनिटे निर्जंतुक करतात. फुटवे वाढवायला सायटोकायनिन, मुळांसाठी ऑक्सिन ही वनस्पतींची संप्रेरके घालतात. शेवटची पायरी रोपाला बाहेरच्या हवेचा सराव देण्याची, आणि रोपवाटिकेत रोपे दगावतात ती बहुधा इथेच. बाटलीतल्या दमट हवेत पानांवर मेणाचा थर नीट धरत नाही, पर्णरंध्रे धड मिटत नाहीत. एकदम उन्हात काढले की रोप तासाभरात मान टाकते. म्हणून आधी कोकोपीट आणि झाकण, मग सावलीचे जाळे, शेवटी मोकळी हवा.

प्रत्येक झाडासाठी एवढा खटाटोप परवडत नाही. आजरा-चंदगडच्या काजूला मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या रोपावर निवडक झाडाची काडी बांधणे) स्वस्तात आणि खात्रीने जमते. मोठ्या झाडाच्या काजूने प्रयोगशाळेला अजून तरी फारशी दाद दिलेली नाही. या पट्ट्यातल्या माणगा बांबूचे उलटे आहे. बांबू शास्त्राने गवतच, पण याच प्रयोगशाळांत वाढतो. माणग्याला फुलोरा क्वचित येतो, बी जवळजवळ धरत नाही, आणि बेटातून कंद खणून काढणे कष्टाचे व मोजकेच. तिथे एका पेराचा डोळा पुरतो, म्हणून ऊती संवर्धनाला अर्थ आहे.

नरक्या ऊर्फ अमृता हे सह्याद्रीच्या जंगलातले छोटे झाड. त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कर्करोगावरची औषधे बनतात, आणि त्यासाठी झाडे मुळासकट तोडली गेली. बियांतून आलेल्या कोवळ्या रोपाच्या तुकड्यांवर त्याचे फुटवे मिळवता येतात. लागवडीच्या मालासाठी निवडक झाडाच्या हजार नकला चालतील. राधानगरीच्या रानात परत लावायचे असेल, तर मात्र विविधता टिकावी म्हणून वेगवेगळ्या मातृवृक्षांचे बी गोळा करून प्रत्येकाच्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्या लागतात, नोंदवहीसकट.